उन्हाची फळी

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली नेहमीच्या खुंटीला होती, आणि कपाटात फळी नव्हती.

१९३६ सालच्या मे महिन्यातला दहावा दिवस, रविवार. नाशकात पंचवटीच्या मागे, पेठ रस्त्याला, नारायणशेठ विसपुत्यांचा रेशीम रंगवायचा कारखाना होता. फळी म्हणाल तर हातभर लांब, सागवानी, बाजारात कुणी चार आणेही देऊ नयेत अशी. पण तिच्यावर रेशमाच्या सहा पट्ट्या बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग पत्र्याखाली झाकायचा, अर्धा उघडा ठेवायचा आणि फळी उन्हात टांगून द्यायची. तीन महिन्यांनी पत्रा काढला की रंग किती उडाला ते शेंबड्या पोरालाही कळावं. पाच पट्ट्या कारखान्याच्या नव्या जांभळ्या रंगाच्या होत्या आणि सहावी बाजारातल्या साध्या जांभळ्याची, तुलनेला.

येवल्याच्या विणकरांना उन्हात न उडणारा जांभळा मिळावा म्हणून सरकार गेल्या दिवाळीनंतर या कारखान्याला दरमहा अनुदान देत होतं. मंगळवारी पुण्याहून परीक्षक फळी बघायला यायचे होते. रंग टिकलेला दिसला तर मोठं बक्षीस आणि पुढची तीन वर्षं अनुदान. आता दाखवायचं काय, तर रिकामं कपाट!

शेठजींनी फौजदार भिमाजीरावांना बोलावलं. भिमाजीराव झपाट्याचा माणूस. दुपारच्या आत त्यांनी कामगारांची बोचकी उलटी केली आणि येवल्याहून आलेल्या शफी रंगाऱ्याच्या पिशवीतून फळीवरची एक जांभळी पट्टी निघाली. संध्याकाळी शफी भद्रकालीच्या चौकीत कोठडीत होता.

सोमवारी सकाळी शफीची आई गोटीराम सोनवण्यांच्या ओट्यावर येऊन बसली.

गोटीराम म्हणजे रेल्वेचे निवृत्त दावे-तपासनीस. तीस वर्षं मनमाड जंक्शनात त्यांनी एकच काम केलं. व्यापारी म्हणायचा, माझा माल रेल्वेने भिजवला, भरपाई द्या. आणि गोटीरामांनी ठरवायचं की माल भिजला की भिजवला. "भरपाईचा दर वाढला त्या वर्षी मनमाडला चैत्रातसुद्धा गाठोडी भिजायला लागली," असं ते सांगत. त्यांच्या या स्वभावामुळे नातेवाईक त्यांना लग्नाचं बोलावणंही जपूनच करत.

"मी जैतुनबी," म्हातारी म्हणाली. "येवल्याच्या नियाज रंगाऱ्याची बायको. एकवीस सालात माझ्या मालकानं दावा लावला होता, रेशीम रेल्वेत भिजलं म्हणून. तुम्ही नामंजूर केला."

गोटीरामांना गाठोडं आठवलं. माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत, गाठोडी राहत. "मग मुलासाठी माझ्याकडे कशा आलात? मी तर तुमचा वैरी."

"कारण दावा खोटा होता," जैतुनबी म्हणाली. "रंगच कच्चा होता. गिऱ्हाइकानं माल परत केला, तवा मालकानं पाणी ओतून रेल्वेवर घातलं. तुम्ही नुसतं गाठोडं पाहिलं न् ओळखलं. त्या दिवसापासून मी शपथ घेतली, या घरातून कच्चा रंग बाहेर जायचा नाय. शफीला तसाच वाढवला. त्यो चोर असंल तर मला तसं सांगा. नसंल तर सोडवून आणा. उद्या त्याला कोर्टात उभा करणार हायत."

गोटीरामांनी चपला शोधल्या. खोट्या नवऱ्याबद्दल खरं बोलणारी बाई त्यांना तीस वर्षांत भेटली नव्हती.

२

"मी फळी घेतली नाय," कोठडीतून शफी म्हणाला. तिशीचा, हाडकुळा, कोपरापर्यंत हात जांभळे.

"पट्टी तुझ्या पिशवीत कशी आली?"

"पिशवी भट्टीच्या खोलीत खुंटीला असते. कोणीबी टाकंल."

"कोणी टाकली असेल?"

शफी हातावरचा जांभळा नखाने खरवडत राहिला. गोटीरामांनी विषय बदलला. "कारखान्यात रंग करायचा कोण?"

"नुसखा आगटेसाहेब लिहायचे, बी.एस्सी. झालेले. कढई माझी."

"किती नुसखे फसले?"

"नव्वद," शफी म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. "एक्याण्णवावा बसला."

नव्वद! ज्याचा बाप, आजा, पणजा रंगारी, त्याच्या कढईत नव्वद रंग फसतात? गोटीरामांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ते काही विचारणार तोच शफी गजांपाशी आला.

"साहेब, अम्मानं तुम्हाला आणलं ना? एक ऐका. चोर म्हणून सजा होऊ द्या. पण कारखान्यातल्या कामाचं तिच्यासमोर काय काढू नका. लोक चोर म्हणले तरी ती जगंल."

निर्दोष माणूस असं बोलत नाही आणि चोरही असं बोलत नाही. गोटीराम चौकीतल्या टेबलाकडे वळले.

तिथे खुर्चीवर रेशमी कोट घातलेला एक जाडजूड गृहस्थ घाम पुसत बसला होता. हा सलाउद्दीन, येवल्याचा रेशमाचा व्यापारी. फौजदारांनी सकाळीच त्याला बोलावून घेतलं होतं, कारण त्याने शफीला नोकरीला बोलावलं होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"बोलावलं होतं, ना कशाला म्हणू?" सलाउद्दीन म्हणाला. "हातात कसब हाय पोराच्या. पण चोरी? मला काय गरज? हा रंग एकदा बाजारात येऊ द्या. माझा रंगारी साडी हातात घेऊन, धागा जाळून, वास घेऊन महिन्याभरात तोच रंग काढंल. रंगाला कुलूप नसतं, साहेब. फुकट मिळणाऱ्या मालासाठी कोण जेलात जाईल?"

भिमाजीराव हसले. "सगळे चोर असंच म्हणतात."

पण गोटीरामांना बोलण्यात तथ्य वाटलं. त्यांनी पुराव्याची पट्टी मागून घेतली, खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली. वीतभर लांब. रंग सुरेखच होता. अर्धी बाजू झाकलेली, अर्धी उघडी राहिलेली, पण दोन्हींत तिळाएवढा फरक नाही. चार कोपऱ्यांना खिळ्यांची चार भोकं. प्रत्येक भोकाभोवती तपकिरी कडं, आणि त्या कड्यांतून निघून सगळ्या एकाच दिशेने खाली उतरलेल्या बारीक तपकिरी रेघा.

"रंग बघा कसा ताजा आहे!" भिमाजीराव म्हणाले. "काल रंगवल्यासारखा. यातून कसला पुरावा काढणार तुम्ही?"

"रंगातून काहीच नाही," गोटीराम म्हणाले आणि पट्टी परत दिली.

३

मुकुंद आगटे कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकटाच बसला होता. पंचवीस-सव्वीसचा, चष्मेवाला. समोरच्या फडताळात काचेच्या नव्वद बाटल्या, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीच्या गळ्यात रेशमाची एक फिकट पट्टी बांधलेली. आपल्या नव्वद नापासांच्या पत्रिका रोज समोर घेऊन बसायचं म्हणजे अवघडच.

"दिवाळीनंतर मला इथे नेमलं," तो म्हणाला. "माझा पगारच मुळी अनुदानातून. अट साधी होती. प्रयोग चालू आहेत तोवर दरमहा अनुदान. मात्र अनुदान मंजूर होण्याआधीच लागलेल्या शोधाला एक पैही नाही. सरकार तयार मालाला कशाला पैसे देईल?"

"बरोबर. मग?"

"एप्रिलमध्ये नवं पत्र आलं. नुसत्या प्रयत्नांना यापुढे अनुदान नाही. तीन महिने उन्हात तपासलेला रंग मेमध्ये दाखवा, नाहीतर योजना बंद. मी खचलोच. माझ्याकडे दाखवायला या बाटल्या! तेव्हा शेठजी म्हणाले, घाबरू नका, एक्याण्णवावा रंग शफीने त्याच्या हाताने काढलाय, फेब्रुवारीच्या एक तारखेपासून फळी माझ्या घरच्या गच्चीवर टांगली आहे."

"तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

"नव्हतं." आगटेने चष्मा काढून उगाच पुसला. "मी शिकलेला, आणि रंग लागला रंगाऱ्याला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मेच्या एक तारखेला शेठजींनी फळी इथे आणून कपाटात ठेवली. तिच्यावर पत्रा बांधलेलाच होता. म्हणाले, पत्रा परीक्षकांसमोरच काढायचा."

"किल्ली खुंटीला असते हे कुणाला ठाऊक?"

"सगळ्यांना."

"गेल्या आठवड्यात टपालाने काही आलं?"

आगटेने भुवया उंचावल्या. "शुक्रवारी परीक्षकांचं पत्र आलं. ते पुण्याहून स्वतःची पट्टी आणणार आहेत. बाजारातल्या त्याच साध्या जांभळ्याची, फेब्रुवारी ते एप्रिल पुण्याच्या उन्हात ठेवलेली. आमच्या फळीवरच्या सहाव्या पट्टीशी जुळवून पाहायला. मी ते शेठजींना वाचून दाखवलं."

"आणि फळी चोरीला गेली तर अनुदानाचं काय?"

"आग किंवा चोरी झाली तर सहा महिन्यांची मुदतवाढ. तसा नियम आहे." मग तो घुटमळला. "अजून एक सांगू? कुणाला बोललो नाही. सदतिसावा नुसखा मी घरी करून पाहिला होता. चहाच्या पेल्यात, स्टोव्हवर, चमचाभर रेशीम. रंग बसला! धुतला, घासला, निघेना. इथे शफीच्या कढईत तोच नुसखा दुसऱ्या दिवशी पाण्यात सुटला. मला वाटलं, माझंच मोजमाप चुकलं."

"आता काय वाटतं?"

"आता वाटतं," आगटे दबक्या आवाजात म्हणाला, "शफी मुद्दाम रंग बिघडवत होता."

४

म्हणजे भिमाजीरावांचंच खरं म्हणायचं का? सलाउद्दीनने पढवलेला माणूस, आधी रंग बिघडवतो, मग फळी पळवतो. गोटीराम रविवार कारंज्याकडे, शेठजींच्या घरी, चालत निघाले आणि वाटभर हाच हिशेब मांडत राहिले. दर वेळी एक गोष्ट उरायची. सलाउद्दीनला रंग बिघडवून काय मिळणार? त्याला तर रंग चांगलाच हवा. नव्वद वेळा बिघडवण्याचे पैसे कुणी देत असेल तर तो, ज्याला नव्वद अपयशांचे पैसे मिळतात.

विसपुत्यांच्या दारात नवसाबाई मोगरा विकत बसली होती. मखमलाबादेकडे तिचा मळा होता. गोटीरामांनी फुलं घेता घेता विचारलं, "यंदा मोगरा बारीक दिसतो. पाण्याची ओढ?"

"लय ओढ, दादा. इहिरीचा तळ दिसाया लागलाय."

"मधे एखादी सर आली असेल की. थंडीत, शिमग्याला?"

"कुठली सर? दसऱ्याआधी गेला तो गेला. त्यापाठी एक थेंब नाय पडला. माझ्या मळ्यावर पडला अस्ता तर मला ठावं नस्तं का?"

गोटीरामांनी एक पैसा जास्त दिला, ही त्यांच्या आयुष्यातली विरळा घटना.

नारायणशेठ हसतमुख होते. पन्हं आलं. "सोनवणेसाहेब, माझ्यावर काय ओढवलंय बघा. बक्षीस गेलं, नाव गेलं. चोरीने सगळ्यांत जास्त कोण बुडालं असेल तर मी."

"दिसतंय खरं. फळी टांगली होती ती जागा बघता येईल?"

गच्चीवर ऊन नुसतं भाजत होतं. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीवर एक मोठा खिळा होता. शेठजींनी हात केला. "हीच. एक फेब्रुवारी ते एक मे."

"त्याआधी इथे काही होतं का? आरसा, कोनाडा, काही?"

"छे! कोरी भिंत. दिवसभर ऊन खाते, म्हणून मुद्दाम निवडली."

"घर मात्र चकचकीत ठेवलंय तुम्ही."

"दर दिवाळीला चुना. वडिलांपासूनची शिस्त. एक वर्ष चुकवलं नाही."

गोटीराम भिंतीसमोर उभे राहिले. भिंत पांढरीशुभ्र होती. फक्त खिळ्याखाली हातभर लांबीचा एक चौकोन पिवळट, मळकट, कडा सुतासारख्या सरळ. त्यांनी त्याच्यावर बोट फिरवलं आणि कडेशी चुन्याची जाडी बोटाला लागली.

जिन्याने उतरताना त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. कळसा काखेत आणि सगळे गावभर वळसे घेत होते! घरी जाण्याऐवजी ते तडक चौकीवर गेले.

"भिमाजीराव, शफीला उद्या कोर्टात न्यायच्या आधी तासभर कारखान्यात आणा. परीक्षक असतील तेव्हाच. त्याच्या आईलाही बोलवा."

"चोर दुसरा आहे म्हणता?"

"चोर आहे की नाही तेच बघायचंय," गोटीराम म्हणाले.

५

मंगळवारी दहा वाजता भट्टीच्या खोलीत सगळे जमले. पुण्याचे परीक्षक, उंच, अबोल, काखेत पत्र्याची चपटी पेटी. शेठजी, आगटे, सलाउद्दीन. हातात बेड्या घातलेला शफी, आणि दाराशी जैतुनबी. मुलाने तिच्याकडे पाहिलं नाही.

गोटीरामांनी पट्टी परीक्षकांच्या हातात दिली. "साहेब, तुम्ही रंगातले. काय दिसतं?"

परीक्षकांनी बराच वेळ पट्टी उजेडात फिरवली. "उत्तम रंग. उडालेला नाही. पण तो उन्हात किती दिवस होता ते यावरून सांगता येणार नाही. उडालेला रंगच काळ सांगतो."

"म्हणूनच शफीच्या पिशवीत टाकायला ही निवडली. चोराला वाटलं, पक्का रंग मुका असतो. इथे सगळे रंगातले लोक. प्रत्येकाने रंग पाहिला. मी पडलो भिजक्या गाठोड्यांचा माणूस, मी भोकं पाहिली." त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा लोखंडाचा गंज. पाण्याबरोबर रेशमात उतरला आणि खाली ओघळला. ही पट्टी पावसात भिजली आहे."

"दंव पडतं की थंडीत!" शेठजी म्हणाले.

"दंवाने खिळा गंजतो, शेठजी, रेघा ओघळत नाहीत. त्याला धो धो पाणी लागतं. आणि या एकेका भोकाभोवती दोन कडी आहेत, एकात एक. एकदा भिजून वाळलं आणि पुन्हा भिजलं की असं होतं. तुम्ही सांगता फळी फेब्रुवारीत टांगली. नाशकात दसऱ्यापासून थेंब पडलेला नाही. मग फळी भिजली कधी?"

परीक्षकांनी पट्टी पुन्हा डोळ्यांजवळ नेली.

"आता भिंत. शेठजींच्या गच्चीवर फळीच्या जागी जुन्या चुन्याचा चौकोन आहे. दर दिवाळीला भिंतीला चुना लागतो. चुनेवाल्याने फळी काढायचा कंटाळा केला आणि भोवतीने कुंचला फिरवला. फळीच्या आधी तिथे कोरी भिंत होती हे शेठजींनीच मला सांगितलं. म्हणजे दिवाळीला फळी टांगलेली होती. अनुदान मंजूर झालं दिवाळीनंतर. शोध आधी लागला होता, साहेब. शोधायचे पैसे मागून आले."

आगटे भिंतीला टेकला.

"सगळं सुरळीत चाललं होतं," गोटीराम पुढे म्हणाले. "एप्रिलमध्ये सरकारने अट बदलली. तीन महिने उन्हातला रंग हवा आणि हातात महिना. तेव्हा जुनी फळी कामाला आली. पाच पट्ट्या तर जशाच्या तशा होत्या. सहावी, साधी, पांढरी पडली असेल, पण उन्हाळा कडक होता म्हणता आलं असतं. शुक्रवारी पत्र आलं की पुण्याची पट्टी तिच्याशेजारी ठेवणार. आता दोन वर्षांचं ऊन आणि तीन महिन्यांचं ऊन शेजारी शेजारी दिसणार! फळी नाहीशी व्हायलाच हवी होती. चोरी झाली तर सहा महिने वाढवून मिळतात. चोर म्हणून रंगारी तयारच होता, त्याच्या पिशवीत एक पट्टी टाकली की झालं. चोरीने सर्वांत जास्त नुकसान शेठजींचं, हे खरं. पण फळी सापडली असती तर त्याहून जास्त झालं असतं."

परीक्षकांनी पेटी उघडली, आपली पट्टी काढली आणि विचारलं, "शेठजी, फळी कुठे आहे?"

नारायणशेठांनी भट्टीकडे पाहिलं. भिमाजीरावांनी राख उकरली. पत्रा निघाला, आणि मूठभर गंजलेले खिळे.

शेठजी एकदम चिडले. "मग काय करायचं होतं मी? चौतीस साली शफीने रंग काढला. चार वर्षं मी त्याला पोसला होता त्यासाठी! रंग बाजारात आणला असता तर हा सलाउद्दीन महिन्याभरात फुकट उचलणार होता. विचारा त्याला. शोध लावणाऱ्याला कोण काय देतं? आणि शोधत राहणाऱ्याला सरकार दरमहा देत होतं. मग मी शोधत राहिलो."

सलाउद्दीनने मान खाली घातली. शेठजींचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, आणि हे गोटीरामांना फारच टोचलं.

भिमाजीरावांनी शफीच्या बेड्या काढल्या. खटला संपला होता. शफीने दाराकडे एक पाऊल टाकलं.

"थांब," आगटे म्हणाला. "रंग आधीच होता तर माझे नव्वद काय होते?"

उत्तर द्यायची शफीला गरज नव्हती. शेठजी सांगणार नव्हते, आणि गोटीरामांनी ओळखलं होतं तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. शफी तसाच बाहेर पडला असता तर आईबरोबर दुपारच्या गाडीने घरी गेला असता.

शफी वळला. "मी बिघडवले, साहेब. शेठ म्हणले, फसला पायजे. फसल्या रंगामागं आठ आणे. रंग धरणारी तुरटी मी टाकायचोच नाय. कधी आंच आधीच काढायचो. तुमचे नुसखे बरे होते. किती बरे ते मला ठावं नाय, मी एकबी पुरा होऊ दिला नाय." मग तो आईकडे बघून म्हणाला, "अम्मा, नव्वद कच्चे रंग या हातानं केले."

जैतुनबी लगतच्या प्रयोगशाळेत शिरली, सगळे तिच्यामागे. ती बाटल्यांच्या फडताळापाशी गेली. पहिल्या बाटलीच्या गळ्यातली पट्टी तिने सोडली, कोपऱ्यातल्या बादलीत बुडवली, पिळली. पाणी जांभळं झालं. तिने दुसरी सोडली. कुणी तिला अडवलं नाही. नव्वद पट्ट्या सोडून तिने पदरात बांधल्या तेव्हा तिची बोटंही मुलाच्या हातांसारखी झाली होती.

"नंबरांची वही कुणाकडं हाय?" तिने विचारलं.

"माझ्याकडे," आगटे म्हणाला.

"मग तुम्हीबी येवल्याला चला. हा नव्वद परत करंल. पुरे करंल. मी कढईपाशी बसंन."

परीक्षक म्हणाले, "बाई, अनुदान मिळेलच असं मी आज सांगू शकत नाही."

"मी मागितलं का?" जैतुनबी म्हणाली आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेली.

६

विसपुत्यांचा खटला वर्षभर चालला. त्याची हकीकत कंटाळवाणी आहे.

दसऱ्याच्या सुमारास येवल्याच्या शिक्क्याचं एक पाकीट गोटीरामांना आलं. आत आगटेच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. 'नव्वद पूर्ण झाले. एकोणऐंशी खरोखरच फसले, त्यांत शफीचा दोष नाही. बाकीचे पाठवत आहे, सदतिसावा सर्वांत वर.'

आत अकरा पट्ट्या होत्या. अकरा वेगवेगळे जांभळे. एक वांग्यासारखा, एक पिकल्या जांभळासारखा, काहींना तर नावंही नसतील. प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांना तपकिरी कडी होती आणि त्यांतून खाली ओघळलेल्या रेघा. त्या वर्षीचा सगळा पावसाळा त्यांनी फळीवर काढला होता.

सहा महिने हे अकराही रंग त्या बाटल्यांच्या नुसख्यांत होते, आणि ते होऊ नयेत म्हणून एक चांगला रंगारी राबत होता. गोटीरामांना त्याचा राग आला आणि राग कुणावर काढावा ते कळेना.

सवयीचा गुलाम माणूस. सदतिसाव्या नंबरची पट्टी त्यांनी समोरच्या पाण्याच्या पेल्यात बुडवली, घट्ट पिळली, पेला उजेडात धरला. पाणी जसंच्या तसं होतं. ते त्यांनी पिऊन टाकलं.